प्लेबुक हिरवं झालं, म्हणजे नेमकं काय झालं?

अ‍ॅन्सिबलचं प्लेबुक, म्हणजे करायच्या कामांची फाइल, चालून संपलं की खाली एक छोटा हिशेब येतो. किती कामं आधीच जागेवर होती, किती ठिकाणी बदल झाला, किती फसली. जागेवर असलेलं हिरवं, बदललेलं पिवळं, फसलेलं लाल. लाल काही दिसलं नाही की आपण पुढच्या कामाला लागतो. पण पीजी-अ‍ॅडमिनसारखं डेटाबेस सांभाळणारं टूल कुबरनेटीसच्या क्लस्टरवर, म्हणजे मिळून काम करणाऱ्या मशीनच्या गटावर, बसवताना त्या हिशेबावर एवढं विसंबून चालत नाही. लाल काहीच नसतं आणि तरी टूल उघडत नाही. किंवा उघडतं, पण बदललेला पासवर्ड घेत नाही. किंवा सगळं सुरळीत चालतं, फक्त ज्याचा डेटाबेसशी काही संबंध नाही तोही डेटाबेसच्या दारापर्यंत पोचू शकतो, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. या तिन्हींचं मूळ एकच आहे.

आधी कोण काय करतं ते पाहू. पीजी-अ‍ॅडमिन हे पोस्टग्रेस डेटाबेससाठीचं टूल. ब्राउझरमध्ये उघडायचं, टेबलं बघायची, क्वेरी चालवायच्या, बॅकअप घ्यायचा. ते कंटेनरच्या रूपात मिळतं, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी एकाच बंद इमेजमध्ये. असे कंटेनर अनेक मशीनवर मिळून चालवायचं काम कुबरनेटीसचं. गूगलने ते २०१४मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. क्लस्टरमधल्या प्रत्येक मशीनला नोड म्हणतात, आणि कंटेनर ज्या वेष्टनात चालतो त्याला पॉड. अ‍ॅन्सिबल हे ऑटोमेशनचं साधन: काय काय असायला हवं ते यॅमल या साध्या मजकुराच्या रूपातल्या फाइलमध्ये लिहायचं आणि ती फाइल हवी तितक्या वेळा चालवायची. अ‍ॅन्सिबल एरवी एसएसएचने मशीनमध्ये शिरून काम करतं. इथे ते कुठल्याही नोडमध्ये शिरत नाही. आपल्याच मशीनवरून किंवा पाइपलाइनमधून (आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीतून) थेट क्लस्टरच्या एपीआय सर्व्हरशी, म्हणजे सगळ्या मागण्या घेणाऱ्या खिडकीशी, बोलतं. म्हणून प्लेबुकमध्ये होस्ट म्हणून लोकलहोस्ट, म्हणजे हेच मशीन, लिहिलेला असतो आणि जिथून ते चालतं तिथे पायथनची कुबरनेटीस लायब्ररी असावी लागते.

आता मुख्य गोष्ट. कुबरनेटीसला आपण अमुक कर असं सांगत नाही, अमुक असायला हवं असं सांगतो. ही मागणी एपीआय सर्व्हरकडे जाते. लिहिण्यात चूक नाही ना, मागणाऱ्याला अधिकार आहे ना, एवढं तो तपासतो आणि मागणी एटसीडी नावाच्या साठ्यात नोंदवतो. उत्तर तेव्हाच येतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. कंट्रोलर पॉड मागवतो, शेड्युलर त्याच्यासाठी नोड निवडतो, त्या नोडवरचा क्युबलेट नावाचा प्रोग्रॅम इमेज उतरवून कंटेनर चालू करतो. म्हणजे अ‍ॅन्सिबलच्या हातात पडते ती पोच. खिडकीवर अर्ज दिल्यावर शिक्का मारून मिळते तशी. अर्ज मंजूर झाला की नाही, हे त्या पोचेवर लिहिलेलं नसतं.

प्लेबुकमध्ये लिहायच्या वस्तू मोजक्याच आहेत. एक नेमस्पेस, म्हणजे या टूलसाठी वेगळा कप्पा. पासवर्डसाठी एक सीक्रेट. डेटाबेस सर्व्हरची यादी ठेवायला एक कॉन्फिगमॅप. हवा असल्यास कायमचा व्हॉल्यूम. पॉड चालवायला डिप्लॉयमेंट, आणि त्याला क्लस्टरच्या आत एक पक्का पत्ता द्यायला सर्व्हिस. हेल्म या कुबरनेटीसच्या पॅकेज साधनाचे तयार चार्टही मिळतात आणि अ‍ॅन्सिबलमधून ते बसवता येतात. पण एवढ्या लहान टूलसाठी या वस्तू स्वतः लिहाव्यात असं माझं मत आहे. प्रत्येक ओळ का आहे हे माहीत असतं, आणि पुढे काही अडलं तर तेच कामी येतं.

पोच आणि काम

अ‍ॅन्सिबलच्या कुबरनेटीस मॉड्यूलमध्ये वेट नावाचा पर्याय आहे आणि तो मुळात बंद असतो. बंद असताना पोच मिळाली की मॉड्यूल पुढे सरकतं. चालू केला की डिप्लॉयमेंट खरोखर तयार होईपर्यंत थांबतं. ही मर्यादा १२० सेकंदांची असते, ती वाढवता येते. पीजी-अ‍ॅडमिन पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा अंतर्गत डेटाबेस तयार करतं, त्यात वेळ जातो, म्हणून मर्यादा थोडी वाढवलेली बरी.

वेट नसताना काय होतं त्याचं एक उदाहरण. पीजी-अ‍ॅडमिनच्या इमेजला सुरुवातीला एक ईमेल आणि एक पासवर्ड द्यावा लागतो. टूल फक्त आतल्या वापरासाठी असल्याने बरेच जण 'अ‍ॅडमिन अ‍ॅट काहीतरी डॉट लोकल' असा पत्ता लिहून टाकतात. कुबरनेटीसच्या दृष्टीने ही केवळ अक्षरांची एक ओळ आहे, ती मान्य होते. प्लेबुक सुखरूप संपतं. कंटेनर मात्र सुरू झाल्या झाल्या हा पत्ता वैध नाही असं लॉगमध्ये लिहून बंद पडतो, कारण असली खास राखीव डोमेन तो मुळात स्वीकारत नाही. कुबरनेटीस तो पुन्हा चालू करतं, तो पुन्हा पडतो. दोन प्रयत्नांमधली विश्रांती १० सेकंदांवरून दुप्पट दुप्पट होत ५ मिनिटांपर्यंत जाते. पॉडच्या यादीत क्रॅशलूपबॅकऑफ असं दिसतं आणि माणूस नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो. लॉगची एक ओळ वाचली असती तर काम झालं असतं.

वेटसोबत रेडिनेस प्रोब, म्हणजे टूल तयार आहे का हे विचारणारी तपासणी, हवाच. तो नसेल तर कंटेनरमधली प्रक्रिया सुरू झाली की कुबरनेटीस पॉडला तयार मानतं, टूल उत्तर देतंय की नाही हे पाहत नाही. पीजी-अ‍ॅडमिनमध्ये यासाठी 'मिस्क' खाली 'पिंग' असा एक पत्ता दिलेलाच आहे, त्यावर प्रोब लावावा.

टूलची स्वतःची आठवण

माझ्या मते या सगळ्यात सर्वात कमी बोललं जातं ते याबद्दल.

पीजी-अ‍ॅडमिन वापरकर्ते, त्यांचे पासवर्ड, जोडलेल्या सर्व्हरची यादी, आवडीनिवडी हे सगळं एका एसक्यूलाइट फाइलमध्ये, म्हणजे एकाच फाइलीत मावणाऱ्या छोट्या डेटाबेसमध्ये, ठेवतं. ही फाइल कंटेनरच्या आत 'व्हार, लिब, पीजीअ‍ॅडमिन' या फोल्डरमध्ये असते. पॉड गेला की फोल्डर जातो, म्हणून लोक तिथे कायमचा व्हॉल्यूम जोडतात. हे योग्यच. पण ईमेल आणि पासवर्ड जे आपण सीक्रेटमधून देतो, ते टूल फक्त पहिल्या वेळी, ही फाइल अस्तित्वात नसताना वाचतं. एकदा फाइल तयार झाली की सीक्रेटमध्ये काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं उरत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. टीममधून कोणी बाहेर पडलं. तुम्ही शिस्तीत पासवर्ड बदलला, प्लेबुक चालवलं, सीक्रेटच्या कामापुढे पिवळा रंग दिसला, पॉडही नव्याने सुरू केला. जुना पासवर्ड अजून चालतो. ऑटोमेशनने आपलं काम अचूक केलं आहे, सीक्रेट खरोखर बदललं आहे. पण टूलने आपली आठवण वेगळीकडे ठेवली आहे आणि तिथपर्यंत यॅमलची नजर पोचत नाही. सर्व्हरच्या यादीचंही तसंच. 'सर्व्हर्स' नावाची जेसन फाइल देऊन यादी आधीच भरता येते, पण मुळात तीही पहिल्या वेळीच वाचली जाते. नंतर फाइलमध्ये नवा सर्व्हर लिहिला तरी पडद्यावर जुनीच यादी. शिवाय ही यादी पहिल्या वापरकर्त्याच्या नावावर चढते. बाकीच्यांना दिसायला हवी असेल तर सर्व्हर सामायिक आहे असं त्या फाइलमध्येच लिहावं लागतं.

यावर उपाय तीन. एक, पासवर्ड टूलच्या आतूनच बदलायचा. आठव्या आवृत्तीपासून कंटेनरमधल्या सेटअप स्क्रिप्टला वापरकर्त्याचा पासवर्ड बदलायला सांगता येतं, आणि अ‍ॅन्सिबलकडे पॉडच्या आत कमांड चालवायचं मॉड्यूल आहे, म्हणजे हेही प्लेबुकमध्ये बसवता येतं. दोन, टूलमध्ये पासवर्ड ठेवूच नये. पीजी-अ‍ॅडमिनला एलडॅप, कर्बेरॉस किंवा ओऑथ अशी संस्थेची लॉगिन व्यवस्था जोडता येते, मग माणूस संस्थेच्या यादीतून गेला की इथलाही प्रवेश गेला. मोठ्या टीमला हेच करावं लागेल.

तिसरा उपाय ऐकायला विचित्र वाटेल, पण लहान टीमसाठी मला तोच सर्वात पसंत आहे. कायमचा व्हॉल्यूम देऊच नका. पॉडपुरता तात्पुरता फोल्डर द्या. मग दर वेळी पॉड सुरू होताना टूल कोरं असतं, सीक्रेट वाचतं, सर्व्हरची यादी वाचतं आणि फाइलीत लिहिलंय तेच खरं होतं. आठवण नसल्यामुळे विसंगतीच उरत नाही. किंमत अशी की टूलमध्ये साठवलेल्या क्वेरी आणि सेटिंग जातात. क्वेरी तशाही गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) असायला हव्यात, म्हणून मला ही किंमत जड वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी व्हॉल्यूम द्यावा आणि पहिल्या दोन उपायांपैकी एक पाळावा.

व्हॉल्यूम द्यायचा तर दोन गोष्टी डिप्लॉयमेंटमध्ये लिहायला विसरू नका. कंटेनर ५०५० क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, रूट म्हणून नाही. नवा व्हॉल्यूम बहुधा रूटच्या मालकीचा असतो, आणि मग लॉगमध्ये परवानगी नाही अशी तक्रार येते. पॉडच्या सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये एफएसग्रुप ५०५० लिहिलं की बहुतेक व्हॉल्यूमवर हे मिटतं. होस्टपाथवर, म्हणजे नोडवरचाच फोल्डर जोडलेल्या व्हॉल्यूमवर, मात्र त्याचा परिणाम होत नाही. दुसरी गोष्ट अपग्रेडची पद्धत. डिप्लॉयमेंट मुळात आधी नवा पॉड उभा करतं आणि मग जुना काढतं. एका वेळी एकाच नोडला जोडता येणारा व्हॉल्यूम असेल तर दुसऱ्या नोडवर गेलेला नवा पॉड व्हॉल्यूमची वाट बघत बसतो आणि जुना तो सोडत नाही. म्हणून पद्धत रीक्रिएट ठेवायची: आधी जुना बंद, मग नवा सुरू. मधला थोडा वेळ टूल बंद राहील, ते चालतं. पॉडची संख्याही एकच ठेवावी. पीजी-अ‍ॅडमिन उघडी कनेक्शन आपल्या प्रक्रियेच्या मेमरीत धरून ठेवतं, त्यामुळे दोन पॉड ठेवले आणि एक विनंती इकडे, दुसरी तिकडे गेली की सत्र तुटतं.

बदल झाला, पण पॉडला कळलंच नाही

समजा व्हॉल्यूम नाही, सीक्रेट बदललं, प्लेबुक चालवलं. तरीही जुनाच पासवर्ड चालतो. आता कारण वेगळं आहे. सीक्रेटमधला पासवर्ड कंटेनरला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून मिळतो, आणि ही कंटेनर सुरू होताना एकदाच भरली जातात. सीक्रेट बदललं म्हणून चालू पॉड पुन्हा सुरू होत नाही, कारण डिप्लॉयमेंटच्या मजकुरात एक अक्षरही बदललेलं नसतं. यावरची रूढ युक्ती चांगली आहे: सीक्रेट आणि कॉन्फिगमॅपच्या मजकुराचा हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढायचा आणि पॉडच्या टेम्पलेटमध्ये अ‍ॅनोटेशन म्हणून लिहायचा. मजकूर बदलला की हॅश बदलतो, टेम्पलेट बदलतं, आणि कुबरनेटीस आपणहून नवा पॉड आणतं. अ‍ॅन्सिबलमध्ये हॅश काढायला एक फिल्टर पुरतो.

सीक्रेटबद्दल आणखी एक. नावावरून वाटतं तितकं ते गुप्त नसतं. त्यातला मजकूर बेस-६४ मध्ये असतो, आणि ते कुलूप नाही, फक्त वेगळी लिपी आहे. वाचायचा अधिकार असलेला कोणीही एका कमांडमध्ये मूळ पासवर्ड बघतो. एटसीडीमध्येही तो मुळात तसाच पडून असतो, एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं. म्हणून गिटमध्ये ठेवायची फाइल अ‍ॅन्सिबल व्हॉल्टने बंद करावी आणि सीक्रेट तयार करणाऱ्या कामावर नो-लॉग लिहावं, नाहीतर तपशीलवार आउटपुट मागितलं की पासवर्ड पाइपलाइनच्या लॉगमध्ये उमटतो.

कोण पोचू शकतं

हे टूल म्हणजे सगळ्या डेटाबेसकडे जाणारं एकच दार. २०२५ साली आलेल्या ९.२ आवृत्तीत एक गंभीर दोष दुरुस्त झाला. त्याआधीच्या आवृत्त्यांत लॉगिन केलेल्या वापरकर्त्याला सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येत होता. असं टूल इंटरनेटवर उघडं ठेवू नये, यावर दुमत असायचं कारण नाही. लहान टीम असेल तर इन्ग्रेस, म्हणजे बाहेरून आत यायचा रस्ता, लावूच नये, पोर्ट-फॉरवर्ड करून, म्हणजे क्लस्टरमधून आपल्या मशीनपर्यंत तात्पुरती वाट काढून, वापरावं. मग टूलपर्यंत पोचायला आधी क्लस्टरचा परवाना लागतो. इन्ग्रेस लावायचाच असेल तर टीएलएस (एन्क्रिप्ट केलेलं कनेक्शन) आणि संस्थेचं लॉगिन दोन्ही हवेत. एनजिनएक्सवर चालणारा इन्ग्रेस असेल तर अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी असते हेही ध्यानात ठेवा, बॅकअपची फाइल चढवताना ते आडवं येतं.

क्लस्टरच्या आतला भाग जास्त नाजूक आहे. कुबरनेटीसमध्ये मुळात कोणताही पॉड कोणत्याही पॉडशी बोलू शकतो. डेटाबेसच्या ५४३२ पोर्टपर्यंत फक्त पीजी-अ‍ॅडमिन आणि तुमची अ‍ॅप्लिकेशन पोचावीत यासाठी नेटवर्क पॉलिसी लिहावी लागते. इथे पोच आणि काम यांतलं अंतर सर्वात धोकादायक होतं, कारण पॉलिसी अमलात आणायचं काम कुबरनेटीसचं नाही, नेटवर्क प्लगइनचं आहे. कॅलिको आणि सिलियम ते करतात. नुसता फ्लॅनेल असेल तर करत नाही. पॉलिसी नोंदवली जाते, यादीत दिसते, प्लेबुक पिवळं होऊन पुढे जातं आणि पोर्ट सगळ्यांना उघडंच राहतं. एकही त्रुटी कुठे उमटत नाही.

प्लगइन बरोबर असला तरी एका आडव्या रेघेने घात होऊ शकतो. पॉलिसीत कोणाकडून येऊ द्यायचं हे सांगताना दोन निवडी लिहितात: अमुक नेमस्पेस आणि त्यातलं अमुक लेबल असलेला पॉड. या दोन्ही एकाच यादी-घटकात असल्या, म्हणजे दुसऱ्या ओळीपुढे रेघ नसली, तर अर्थ होतो दोन्ही अटी पूर्ण करणारा पॉड. दुसऱ्या ओळीपुढे रेघ पडली की ते दोन वेगळे घटक होतात आणि अर्थ होतो त्या नेमस्पेसमधला कुठलाही पॉड, किंवा पॉलिसी जिथे आहे त्या नेमस्पेसमधला ते लेबल असलेला पॉड. यॅमल दोन्ही तऱ्हेने शुद्ध आहे आणि एपीआय सर्व्हर दोन्ही स्वीकारतो. ही ओळ दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या.

डेटाबेसच्या बाजूनेही बंदोबस्त हवा. पीजी-अ‍ॅडमिनमधून सुपरयूजर म्हणून शिरायची गरज क्वचितच पडते. पोस्टग्रेसच्या १४व्या आवृत्तीपासून सगळा डेटा फक्त वाचू देणारी तयार रोल (अधिकारांचा संच) मिळते, ती रोजच्या वापरासाठी पुरते. तिच्या जोडीला त्या वापरकर्त्यावर स्टेटमेंट टाइमआउट, म्हणजे क्वेरीला वेळेची मर्यादा, लावला तर कोणाची अवाढव्य क्वेरी चालत्या डेटाबेसला ठप्प करत नाही.

काढून टाकलेलं आणि न लिहिलेलं

इमेजला लेटेस्ट असा टॅग लावू नका. नक्की आवृत्ती लिहा. नाहीतर एखाद्या रात्री नोड बंद पडून पॉड दुसरीकडे गेला की नवी आवृत्ती उतरते, ती जुनी एसक्यूलाइट फाइल नव्या रचनेत बदलून घेते, आणि मग मागची आवृत्ती लावणं सरळ उरत नाही. फाइलमध्ये काहीही बदललेलं नसताना क्लस्टर बदललेला असतो.

याच्या उलटही घडतं. प्लेबुकमधून इन्ग्रेसचा भाग काढून टाकला म्हणून क्लस्टरमधला इन्ग्रेस जात नाही. अ‍ॅन्सिबलला लिहिलेलंच दिसतं, पुसलेलं दिसत नाही. काढायचं असेल तर ती वस्तू नसायला हवी असं लिहून एकदा प्लेबुक चालवावं लागतं. एखाद्या वस्तूच्या आतली एक ओळ पुसली तरी साधं मर्ज केल्यावर ती मागे राहू शकते, म्हणून मॉड्यूलचा अप्लाय पर्याय चालू ठेवावा. तो मागच्या वेळी काय दिलं होतं ते लक्षात ठेवून पुसलेलं ओळखतो.

पोचेवर थांबायचं नसेल तर तपासणी प्लेबुकमध्येच घालावी. प्लेबुक लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्यांदा एकही पिवळं यायला नको. आलं तर एखादी वस्तू दर वेळी विनाकारण बदलली जात आहे. मग पॉड मुद्दाम काढा आणि परत आलेल्या टूलमध्ये सर्व्हरची यादी आहे का बघा. पासवर्ड बदलल्यावर जुन्या पासवर्डने लॉगिन करून पाहा.

नेटवर्कसाठी पोस्टग्रेसच्या इमेजचा एक तात्पुरता पॉड पीजी-अ‍ॅडमिनच्या नेमस्पेसमध्ये उभा करा आणि त्यातून पीजी-इजरेडी ही कमांड डेटाबेसच्या पत्त्यावर चालवा. एकदा पॉडला पीजी-अ‍ॅडमिनचं लेबल देऊन, एकदा न देता. मात्र त्या लेबलसोबत पीजी-अ‍ॅडमिनची सर्व्हिस जुळत असेल, तर हा पॉड तयार आहे असं समजून सर्व्हिस त्याच्याकडेही माणसं पाठवील, म्हणून चाचणी टूल वापरात नसताना घ्या आणि पॉड लगेच काढा. लेबल असताना उत्तराचा कोड ० यायला हवा, म्हणजे डेटाबेस कनेक्शन घेतोय. लेबल नसताना २, म्हणजे उत्तरच मिळालं नाही. अ‍ॅन्सिबलच्या नेहमीच्या सवयीने ० सोडून काहीही आलं की काम लाल होतं, म्हणून या दुसऱ्या चाचणीला वेगळी अट लिहावी लागते: २ सोडून काहीही आलं तर फसलं असं समज.